दोन नाणी आणि मागचा समुद्र

टॅरोच्या ७८ पानांपैकी एका पानावर एक तरुण नाचताना दिसतो. डोक्यावर उंच टोपी, एक पाय उचललेला, दोन्ही हातांत एकेक मोठे नाणे आणि त्या दोन नाण्यांना वेढून आडव्या आठच्या आकड्यासारखी फिरणारी हिरवी पट्टी. या पानाला ‘टू ऑफ पेंटॅकल्स’ म्हणतात; पत्ते खेळणारा मराठी माणूस त्याला नाण्यांची दुर्री म्हणेल. टॅरो सांगणाऱ्यांना या पानाचा अर्थ विचारला तर उत्तर बहुधा ठरलेले असते. तुमच्यावर एकाच वेळी दोन जबाबदाऱ्या येऊन पडल्या आहेत, नोकरी आणि घर, पैसा आणि प्रकृती, आईवडील आणि मुले. डगमगू नका, लवचीक राहा, समतोल साधा, तुम्हाला जमेल. हा अर्थ चित्राच्या अर्ध्याच भागातून काढलेला आहे, असे माझे म्हणणे आहे. त्या तरुणाच्या पाठीमागे समुद्र खवळलेला आहे आणि उंच लाटांवर दोन गलबते हेलकावे खात आहेत. समतोलाचा सल्ला देताना त्या समुद्राकडे फारसे कुणी पाहत नाही, पाहिलेच तर ‘आयुष्यातले चढउतार’ म्हणून पुढे जातात. ओढाताण झाली की ती माणसाच्या कौशल्याची परीक्षा समजायची आणि ओढाताण निर्माण करणाऱ्या व्यवस्थेला चौकशीतून वगळायचे, ही आपल्या काळाची सवय आहे. एका पत्त्याच्या पानाच्या अर्थात ती इतकी उघड उमटली आहे, म्हणून त्या पानाचा इतिहास तपासण्यासारखा आहे.

टॅरोला प्राचीन इजिप्तचे मूळ चिकटवले जाते, पण त्याला आधार नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा इथल्या दरबारी घराण्यांत, टॅरो हा पत्त्यांचा खेळ होता. नेहमीच्या चार रंगांच्या पानांत २२ चित्रांची जादा पाने घातलेली, आणि त्यातली २१ हुकमासारखी चालत. पेले, तलवारी, सोटे आणि नाणी हे चार रंग मामलुक काळातल्या इजिप्तच्या पत्त्यांवरून युरोपात आले होते, म्हणजे इजिप्तशी नाते आहे ते एवढेच, आणि तेही खेळापुरते. सावंतवाडीच्या गंजिफ्याचा भविष्याशी जितका संबंध, तितकाच याचा. पुढे फ्रान्समध्ये मार्सेय पद्धतीचे संच छापले जाऊ लागले, तेव्हा नाण्यांच्या दुर्रीवर माणूस नव्हताच. दोन नाणी, त्यांच्याभोवती वळसे घेणारी एक फीत, आणि अनेक संचांत त्या फितीवर पत्ते बनवणाऱ्या कारागिराचे नाव. आज जिला अनंताचे चिन्ह, जीवनाचा अखंड प्रवाह वगैरे म्हटले जाते, ती पट्टी एकेकाळी छापणाऱ्याने सही करायची जागा होती. इजिप्शियन पुजाऱ्यांचे गुप्त ज्ञान या पानांत दडले आहे, हा दावा १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ याने केला. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी युरोपात कुणालाच वाचता येत नव्हती. ती शाँपोलियोंने उलगडली ती १८२२ साली. दाव्यानंतर काही वर्षांतच एतेला या नावाने लिहिणाऱ्या एका फ्रेंच गृहस्थाने पानांवरून भविष्य सांगण्याची पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, आणि खेळाचे शास्त्र झाले. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८० साली या साऱ्या इतिहासाची साधार मांडणी केली, तरी इजिप्तची कथा अजून टिकून आहे.

आज आपण पाहतो तो नाचणारा तरुण आला डिसेंबर १९०९ मध्ये. लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने आर्थर एडवर्ड वेट यांच्या सूचनांवरून एक नवा संच छापला आणि त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. तोवर बहुतेक संचांत साध्या पानांवर नुसते पेले किंवा नाणी मोजून काढलेली असत. स्मिथने प्रत्येक पानावर एक प्रसंग रंगवला. वेटने नंतर लिहिलेल्या पुस्तकात या दुर्रीचा अर्थ दिला आहे, आणि तो आजच्या अर्थापासून बराच दूर आहे. त्याच्या मते हे पान आनंदाचे, करमणुकीचे. शिवाय पत्र, लेखी निरोप, अडथळे आणि कटकटीही त्यात येतात. समतोलाचे त्यात काही नाही. पान उलटे आले तर मात्र त्याने जो अर्थ दिला आहे तो विलक्षण आहे: ओढूनताणून आणलेला आनंद, मजेचे सोंग. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वेटने चित्राचे वर्णन करताना तरुण सांगितला, नाच सांगितला, नाणी सांगितली, न संपणारी दोरी सांगितली. समुद्र आणि गलबते यांचा त्याने उल्लेखही केला नाही. साध्या पानांच्या चित्रांत स्मिथला बरीच मोकळीक होती असे टॅरोचे अभ्यासक मानतात. लाटा तिच्या कल्पनेतल्या असाव्यात असे मला त्यावरून वाटते, आणि त्या वगळण्याची सुरुवात पहिल्या भाष्यापासूनच झाली आहे. अलेस्टर क्रॉली आणि फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात तयार केलेल्या संचात तर या पानाचे नाव थेट ‘बदल’ असे आहे. १९७० च्या दशकात स्मिथची चित्रे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर छापली जाऊ लागली, टॅरो स्वतःला ओळखण्याचे साधन म्हणून विकला जाऊ लागला, नोकरी आणि घर यांचा मेळ हा शहरी मध्यमवर्गाचा रोजचा प्रश्न झाला, आणि दुर्री समतोलाची झाली. पानांचे अर्थ ज्या त्या काळाच्या गरजेतून येतात, हे यावरून दिसते.

इथे विवेकवादी वाचक हरकत घेईल. ज्या पद्धतीने भविष्य कळतच नाही, तिच्या एका पानाच्या अर्थाची एवढी उठाठेव कशाला? हरकतीचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. महाराष्ट्रात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, तिचा निकाल २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिष्यांना दिल्या; २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिकांवर दिलेल्या उत्तरांत बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीने निघतील त्याहून थोडी कमीच. ती चाचणी टॅरोची नव्हती, पण पिसलेल्या पत्त्यांना आपले उद्याचे आयुष्य माहीत असेल असे मानायला त्याहून चांगला आधार कुणी दिलेला नाही. तरीही पान ‘लागू पडते’ याचे कारण बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली दाखवून दिले. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर दिला, प्रत्येकाला तो खास त्याच्यासाठी लिहिल्याचे सांगून. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘तुमच्यावर दोन गोष्टींचा ताण आहे’ हे वाक्य त्याच जातीचे आहे. हे ऐकून ‘छे, माझ्यावर नाही’ म्हणेल असा प्रौढ माणूस मिळणे कठीण. हरकतीच्या दुसऱ्या भागाशी मात्र मी सहमत नाही. पान भविष्य सांगत नसेल, पण त्यावरून दिला जाणारा सल्ला खरा असतो, तो खऱ्या माणसाच्या कानावर पडतो आणि त्यावर निर्णय घेतले जातात. आणि हा सल्ला टॅरोवाल्यांचा एकट्यांचा थोडाच आहे? कंपनीतले मनुष्यबळ विभागाचे वर्ग, पुरवण्यांतली सदरे, लग्नात नव्या सुनेला मिळणारे उपदेश, सगळीकडे हेच बोल आहेत. पानामुळे तो नेटका, एका चित्रात हाती लागतो इतकेच.

तर चित्राकडे पुन्हा नीट पाहू. त्या तरुणाला दोन हात आहेत आणि नाणीही दोनच. माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननने चेंडू झेलण्याच्या कसरतीचे एक सूत्र मांडले होते. चेंडू हवेत किती वेळ, हातात किती वेळ आणि हात रिकामा किती वेळ यांचे नाते त्यात आहे. वस्तू हातांपेक्षा जास्त असतील तरच काहीतरी सतत हवेत ठेवावे लागते, हे त्या सूत्रातून निघते. दोन हातांना दोन नाणी असतील तर काहीही उडवायची गरज नाही. स्वस्थ उभे राहून दोन्ही धरता येतात. मग हा नाचतो का? वेटच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे, तो करमणूक करतो आहे. पण ज्यांना हे पान आज आपले वाटते त्यांच्यासाठी उत्तर वेगळे असले पाहिजे. नाणी पट्टीने बांधलेली आहेत, एक खाली ठेवायचे तर दुसरेही ओढले जाते. आणि पायाखालची जमीन स्थिर आहे असे मागच्या लाटांवरून वाटत नाही. समतोल बिघडण्याची कारणे नाचणाऱ्याच्या अंगात नाहीत. पट्टी कुणी बांधली आणि लाटा कुठून येतात, हे विचारल्याशिवाय त्याच्या नाचाला चांगले किंवा वाईट म्हणता येणार नाही.

आपल्याकडची पट्टी कशी बांधली आहे, ते सरकारी आकड्यांत आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या लोकांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के आणि पुरुषांचे २६.१ टक्के आढळले. २०२४ च्या पाहणीनुसार हे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. मुले, आजारी, म्हातारी माणसे यांची देखभाल १५ ते ५९ या वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया करतात आणि २१.४ टक्के पुरुष. याच वयोगटात मोबदल्याच्या कामात असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पाच वर्षांत २१.८ वरून २५ टक्क्यांवर गेले; घरकामाचा वेळ मात्र दिवसाला दहा मिनिटांनीच कमी झाला, ३१५ वरून ३०५. आता अशाच एखाद्या घरातल्या बाईच्या पुढ्यात नाण्यांची दुर्री पडली आणि तिला सांगितले, समतोल साधा, तर त्याचा व्यवहारात अर्थ काय होतो? तुझ्या वाट्याचे घरकामाचे पाच तास तसेच राहतील, नोकरी तूच त्यांच्याभोवती बसव. शेजारी ज्याचे हात बऱ्यापैकी मोकळे आहेत त्याचा या वाचनात कुठे उल्लेखही येत नाही, कारण चित्रात माणूस एकच आहे.

ओढाताणीचा परिणाम वेळेपुरता थांबला असता तरी गोष्ट वेगळी होती. अर्थतज्ज्ञ सेंधिल मुल्लैनाथन, मानसशास्त्रज्ञ एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची आकलनशक्तीची चाचणी दोनदा घेतली, एकदा तोडणीआधी आणि एकदा ऊस जाऊन पैसे हाती आल्यावर. तोडणीआधी, म्हणजे देणी अंगावर असताना आणि कुणाचे पैसे आधी द्यायचे याची मेळवणी डोक्यात सतत चालू असताना, त्याच माणसांचे गुण घसरले होते. हा अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आला. या विषयावरचे पुढचे सगळे प्रयोग इतके स्पष्ट निघाले नाहीत हेही नोंदवले पाहिजे, परंतु मूळ निरीक्षण आपल्या ऊसपट्ट्यातल्या कुणालाही नवे वाटणार नाही: तोल सांभाळण्याची क्षमता तोल सांभाळण्यातच खर्च होते. आणि त्याच उसाच्या फडात आणखी खाली उतरले की समतोल या गोष्टीचे काय होते ते बीडने दाखवले आहे. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, आणि एखादा दिवस काम चुकले तर खाडा लागतो. पाळीचे दुखणे, संडास-न्हाणीची सोय नाही, विश्रांती घेतली तर पैसे कापले जाणार. २०१९ साली या जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेल्याचे नोंदले गेले. अनावश्यक शस्त्रक्रिया सुचवणारे डॉक्टर त्यात दोषी आहेतच. पण एका हातात मजुरी आणि दुसऱ्या हातात स्वतःचे शरीर अशी दोन नाणी पट्टीने बांधून दिल्यावर या बायकांनी जे केले, त्याला ‘प्राधान्यक्रम ठरवणे’च म्हणतात. त्यांच्यात लवचिकता कमी होती असे कोण म्हणेल?

यावर एक आक्षेप असा येईल की मी कसरतीचे मोल कमी करतो आहे. कमी पैशांत घर चालवणारी, दोन पाळ्यांच्या मध्ये मुलाची शाळा गाठणारी माणसे खरोखर निष्णात असतात, त्यांचे कौतुक करणारे एक तरी पान असू नये का? असावे. त्या कौशल्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण कौशल्याचे कौतुक झाले की त्याची किंमत द्यायची राहून जाते, आणि याचे उदाहरण या पानाच्या मागेच आहे. पामेला स्मिथने काही महिन्यांत सुमारे ८० चित्रे पूर्ण केली. नोव्हेंबर १९०९ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात तिने काम मोठे आणि पैसा अगदी थोडा असल्याचे नोंदवले आहे. तिला ठरावीक रक्कम मिळाली, विक्रीत वाटा नाही. संच प्रसिद्ध झाला तो प्रकाशकाच्या आणि वेटच्या नावाने. तिचे नाव त्याला जोडण्याची पद्धत अलीकडची. १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती वारली तेव्हा देणी फेडण्यासाठी तिच्या वस्तू विकाव्या लागल्या. जगात सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या टॅरो संचाची ही कर्ती. कौशल्यात ती कुठे कमी पडली?

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे आणि त्याला मी सहज बाजूला सारणार नाही. सल्ला मागायला आलेला माणूस थकलेला असतो. ‘तुला जमेल’ हे ऐकून त्याला उभारी येते, आणि अर्धा तास त्याचे म्हणणे कुणीतरी लक्ष देऊन ऐकते. त्याला व्यवस्थेचा हिशेब ऐकवून काय मिळणार? उभारी हवीच. परंतु वेटचा उलट्या पानाचा अर्थ इथे उपयोगी पडतो. जमत नसताना जमल्याचे सोंग करावे लागणे हा स्वतंत्र त्रास आहे, आणि ‘तुला जमेल’ या शब्दांत तो त्रास देण्याची ताकद असते, कारण त्यानंतरचे न जमणे हे त्या माणसाचे वैयक्तिक अपयश ठरते. थकलेल्या माणसाला विचारण्यासारखे साधे प्रश्न आहेत. यातले कोणते काम तू स्वतः पत्करलेस आणि कोणते तुझ्यावर येऊन पडले? घरात आणखी कुणाचा हात रिकामा आहे? यातली कोणती गोष्ट महिनाभर केली नाही तर खरोखर बिघडेल? या प्रश्नांनीही धीर येतो, आणि तो खोटा नसतो. टॅरो सांगणाऱ्यांनी हे विचारावे यासाठी वेटची परवानगी लागत नाही. अर्थ याआधीही बदललेला आहे, पुन्हा बदलताना समुद्र आत घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

राहता राहिला तो शेवटचा आक्षेप: समुद्र काही आपल्या हातात नाही, हात तेवढे आपले. पण चित्रातला समुद्र निसर्गाचा आहे, आपल्या आयुष्यातला तसा नाही. कामाचे तास, पाळ्या, उचल, खाडा, पाळणाघर असणे वा नसणे, ही माणसांनी केलेली नियमांची रचना आहे आणि ती नियमांनीच बदलते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली १२ आठवड्यांची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. लाखो बायकांच्या हातातला भार एका कायद्याने हलका झाला, कुणाच्याही कसरतीने नाही. त्याच दुरुस्तीत चूकही आहे. रजेचा पगार बहुतांशी मालकावरच ठेवल्यामुळे बाईला नोकरीवर घेणे महाग पडते, आणि तो खर्च सामाजिक विम्यातून वाटून घेण्याची मागणी म्हणूनच रास्त आहे. वडिलांच्या बाबतीत तर हात आखडलेलाच आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्वाची रजा १५ दिवस मिळते, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. फडावर कोयता धरणाऱ्या जोडप्याला यातले काहीच लागू होत नाही, तिथे बाळंतपणाचे दिवसही खाड्यातच मोजले जातात.